जावळातले सहा दिवस

टक्.

स्टीलच्या डबीचं झाकण निघालं, आणि रविवारच्या सकाळी निपचित पडलेलं घर त्या एवढ्याशा आवाजानं दचकलं. केतकी झाकण हातात धरून तशीच उभी राहिली. आतल्या खोलीत जुईनं कूस बदलली, झोपेत काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा गप्प झाली. तिचा नवरा अजिंक्य दूध आणायला खाली गेला होता.

डबीत मलमलीच्या तुकड्यात जुईचं जावळ होतं. अकराव्या महिन्यात मामाच्या मांडीवर बसवून, पेढा दाखवत दाखवत काढलेलं. जुई इतकी रडली होती की केस कापणाऱ्या कारागिरानं शेवटी आपला कंगवाच तिला खेळायला दिला. सासूबाई जावळ पंचगंगेत सोडायला निघाल्या तेव्हा केतकीनं त्यातलं मूठभर मागून घेतलं. "ठेवून काय करणार गं?" त्यांनी विचारलं होतं. "काही नाही. असू द्या," ती म्हणाली होती. सातव्या महिन्यात जन्मलेल्या, दीड महिना काचेच्या पेटीत राहिलेल्या पोरीचं काहीच टाकायला तिचा हात होत नसे.

आज पाच वर्षांनी त्या मूठभर केसांना काम लागलं होतं. चिमट्यानं एकेक करत तिनं पन्नास केस उचलले. जावळाचं टोक निमुळतं असतं, कारण त्याला तोवर कधी कात्री लागलेली नसते. सगळी टोकं एका बाजूला येतील असे तिनं ते कागदी पाकिटात ठेवले. पाकिटावर नेहमीसारखं फक्त एवढंच लिहिलं, 'तुलना-नमुना, क्रमांक दोन.' नाव लिहायची पद्धत नव्हती.

केतकी मगदूम रंगराव स्मृती रुग्णालयात बिलांची पडताळणी करायची. इचलकरंजीतलं ते साडेतीनशे खाटांचं रुग्णालय. यंत्रमागावरचे कामगार, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमधल्या बाया, त्यांची म्हातारी माणसं, सगळी सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर तिथं यायची. तीन वर्षांपूर्वी योजनेनं फर्मान काढलं की प्रत्येक मोठ्या बिलाला पेशंटचा केस जोडा, आणि तळमजल्यावर ते यंत्र आलं. शिवणयंत्राच्या डोक्याएवढं, पुढं बारीक दात्यांची पट्टी. त्या दात्यांत केस ओळीनं बसवायचे. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. वॉर्डातल्या मावश्यांनी त्याला फणी म्हटलं आणि तेच रूढ झालं. केतकी वॉर्डात शिरली की कुणीतरी हळूच म्हणायचं, "आल्या बघा, उवा काढायला."

फणीचं शास्त्र तसं साधं होतं. केस मुळाशी तयार होताना त्या दिवशी रक्तात जे असेल त्याचे कण पकडून ठेवतो आणि त्यांना घेऊन वर सरकतो. एक दिवस म्हणजे साधारण मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. फणीतला प्रकाशाचा किरण त्याहूनही बारीक. तो केसावरून चालत जातो आणि कुठल्या जागी कुठलं औषध आहे ते सांगतो. एकटा केस चुकू शकतो, कारण केस मधेच वाढायचे थांबतात, गळतात. पण पन्नास केस एकच तारीख सांगू लागले की ती मानायची. बाळांच्या केसात तर आणखी एक खूण सापडते. बाळ आईपासून सुटतं त्या घडीला त्याच्या रक्ताची घडणच बदलते, आणि त्याची रेघ केसावर उमटते. तिला जन्मरेघ म्हणतात. रेघेच्या टोकाकडच्या बाजूला पोटातले दिवस, आईनं गिळलेल्या लोहाच्या गोळ्यांसकट. दुसऱ्या बाजूला या जगातले.

तीन वर्षांत फणीनं पुष्कळांची झोप उडवली होती. कधीच न टोचलेली गुडघ्यातली इंजेक्शनं, बिलात चढलेली आणि बाटलीतच राहिलेली सलाईनं, एकाच आजीला एकाच दिवशी दोन गावांत दिलेली भूल. एका अस्थितज्ज्ञानं मोठ्या हुशारीनं फक्त टक्कल पडलेल्या पेशंटांची बिलं फुगवली होती. "याला कुठली फणी लावता?" तो हसत म्हणाला होता. केतकीनं पेशंटच्या भुवईचे केस घेतले.

आताचं प्रकरण मात्र हसण्यासारखं नव्हतं.

पंधरा दिवसांपूर्वी शबनम नदाफ पडताळणीच्या खिडकीशी आली. सायझिंगमध्ये सूत जोडायचं काम करणारी, बोटांची टोकं कडक झालेली बाई. सोबत तिचा अयान. जुईच्याच वयाचा, कानामागं जुनाट यंत्र, आणि समोरच्याच्या ओठांवरून न हलणारे डोळे.

"मॅडम, याच्या कानाच्या ऑपरेशनचा अर्ज परत आला," शबनम म्हणाली. "म्हणत्यात, उपचारात चूक झाली असंल तरच आतलं मशिन फुकट बसतं. तुमच्या पोराला चौदाच्या चौदा डोस दिल्यात, तवा चूक नाही, कान जन्माचाच."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? पेटीत होता तवा ताप गेलावता, दूध प्यायचा. दवाखान्यातनं घरी न्यायच्या आधी परत ताप चढला, डोक्यात गेला. डॉक्टर म्हणाले, औषध पुरं झालं असतं तर असं होत नाही. मग पुरं झालं का नाही?" तिनं ओढणीच्या गाठीतून एक पुडी काढली. "हे त्याच्या अकिक्याचे केस. डोकं केलं तवा दोन महिन्यांचा होता. केस तोलून तेवढी चांदी वाटली आम्ही. अम्मी म्हणाली सगळे पुरायचे, मी एक चिमूट ठेवली."

अर्जाला मुदत होती. सहा वर्षं पूर्ण झाली की योजनेतून त्या मशिनला मंजुरी मिळत नाही. अयानचा वाढदिवस पस्तीस दिवसांवर होता.

फणीनं अकिक्याचे केस वाचले. जन्मरेघ, मग तीन ऑगस्टला टेलाव्हिन सुरू. हे बाळांच्या रक्तातला जंतुसंसर्ग मारणारं जालीम औषध, रोज एक डोस, चौदा दिवस. कागदावर तीन ते सोळा ऑगस्ट, चौदा सह्या, औषध विभागात परत आलेल्या चौदा रिकाम्या बाटल्या. केसात मात्र आठच दिवस. दहा तारखेनंतर काही नाही.

वैद्यकीय अधीक्षक डॉ. पाटणे यांनी अहवाल चाळून बाजूला ठेवला होता. "मॅडम, सहा वर्षांचा जुना केस. बाळाचा. त्यातलं औषध उडून गेलं नसेल कशावरून? बाटल्या चौदा आहेत ना?"

मुद्दा बरोबर होता. म्हणून तुलना हवी होती. त्याच वॉर्डातलं, त्याच महिन्यातलं, टेलाव्हिन दिलेलं दुसरं बाळ, ज्याचं जावळ अजून शिल्लक आहे. त्याच्या केसात औषध कागदाप्रमाणं सापडलं, तर जुना केसही खरं बोलतो हे सिद्ध. असं बाळ शोधायला केतकीला लांब जावं लागलं नाही. ते आत झोपलं होतं. जुईला सतरा ऑगस्टपासून टेलाव्हिन दिलं होतं.

सोमवारी सकाळी तिनं जुईचे केस फणीत बसवले आणि चहा आणायला गेली. परत आली तेव्हा पडद्यावर रेघ उमटली होती. जन्मरेघ जागेवर. त्याआधीच्या लोहाच्या गोळ्या, आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी तिला स्वतःला दंडात टोचलेलं इंजेक्शन. ती जरा वेळ त्याच्याकडेच बघत राहिली. आपण दोघी एकाच रक्तावर जगत होतो ते दिवस असे बोटभर केसात दिसतील, असं तिला वाटलं नव्हतं.

मग टेलाव्हिन. छान, ठळक. फणीला जुना केस वाचता येत होता, शंकाच नको.

पण ते अकरा तारखेला सुरू होत होतं.

तिनं कागद पुन्हा पाहिला. सतरा. केस पुन्हा बसवले, वेगळे पन्नास. अकरा. तिनं अयानची रेघ काढून जुईच्या रेघेखाली लावली. खालची दहा तारखेला संपत होती, वरची अकराला सुरू होत होती. मध्ये एका दिवसाचीही फट नव्हती.

चहा तसाच राहिला. खोलीत यंत्राच्या पंख्याची घरघर होती, आणि तिला राहून राहून आठवत होती ती त्या वॉर्डातली रांग. खिडकीपासून तिसरी पेटी जुईची. चौथी एका सायझिंगवालीच्या मुलाची. त्या बाईशी ती कधी बोलली नव्हती. दोघींच्या तोंडावर मास्क, दोघींचे डोळे आपापल्या काचेवर.

दुपारी दोनच्या सुमाराला, वॉर्ड शांत असताना, ती लोंढे सिस्टरांच्या खोलीत गेली. सत्त्वशीला लोंढे नवजात वॉर्डाच्या मुख्य सिस्टर होत्या, निवृत्तीला दीड महिना उरलेला. जुई त्यांना मावशी म्हणायची. दर नाताळला त्यांच्या हातच्या नानकटाईचा डबा मगदुमांकडे यायचाच. त्या गॉजच्या घड्या घालत होत्या.

"ये गं. जेवलीस का?"

"सिस्टर, अकरा ऑगस्टला जुईला काय दिलं होतं?"

कुठल्या वर्षीच्या, असं त्यांनी विचारलं नाही. हातातली घडी पूर्ण केली, गठ्ठ्यावर ठेवली.

"जावळाला फणी लावलीस?"

"हो."

"ठेवलं होतंस होय जावळ." त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. "बस. उभ्यानं ऐकू नकोस."

ती बसली.

"त्या दिवशी सकाळी तुझी पोर राखेच्या रंगाची झाली होती. छाती नुसती आत-बाहेर. तू बाहेर बाकावर होतीस, तुला आत घेतलं नाही मी. टेलाव्हिन लिहिलं डॉक्टरांनी. पण कार्डावर तिचं नाव चढलं नव्हतं. तुझं कार्ड माहेरच्या नावाचं, नवऱ्याचं वेगळं, अर्ज दोनदा परत आला. औषधाच्या खिडकीवरचा म्हणाला, मंजुरी आली की देतो. मी म्हटलं, मंजुरी येईपर्यंत बाळ राहील का? तो म्हणाला, सिस्टर, माझ्या हातात काय आहे?"

"मंजुरी सतराला आली."

"सतराला आली. सहा दिवस." सिस्टरांनी चष्मा काढला. "शेजारच्या पेटीत नदाफचं पोरगं. आठ दिवस झालेले. ताप नाही, दूध ओढतंय, हात घातला की बोट धरतंय. मला वाटलं, याचं भागलं."

"वाटलं?"

"तीस वर्षं वाटण्यावरच वॉर्ड चालवला की मी. बहुतेक वेळा बरोबर वाटलं."

"डॉक्टरांना का नाही विचारलं?"

"विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. त्यांनी नाहीच म्हणायला पाहिजे होतं. म्हणून विचारलं नाही. त्याच्या तक्त्यावर सही केली आणि तुझ्या पोरीला टोचलं. सहा दिवस, सहा वेळा. एक रुपया घेतला नाही, हे तुला सांगायला पाहिजे असं नाही."

"सिस्टर, अयानला ऐकू येत नाही."

"माहितेय. मला दोन वर्षांनी कळलं. ताप परत आला तेव्हा मी रजेवर होते." त्यांनी चष्म्याची काच पुसली. "दर ईदला त्याला कपडे पाठवते. शबनमला वाटतं, सिस्टरांचा जीव आहे पोरावर."

केतकीला त्यांचा राग यावा असं फार वाटत होतं. पण राग आला की त्याच्या पाठोपाठ जुई येत होती, शाळेचं दप्तर फरफटत, केसांच्या दोन शेंड्या हलवत.

"मला तरी सांगायचं."

"सांगितलं असतं, तर तू तिला मांडीवर कशी घेतली असतीस गं?"

बाहेर एका पेटीचा गजर वाजला. सिस्टर सवयीनं उठल्या, आत जाऊन काहीतरी नीट करून आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "लिहिणार आहेस ना?"

"हो."

"लिही. तुला या कामावर घ्या म्हणून पाटण्यांना मीच सांगितलं होतं. ही बाई बघून न बघितल्यासारखं करणार नाही, म्हटलं होतं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, हात मात्र दाराच्या चौकटीला धरून होता. "फक्त माझं लिहिशील तसं ते सहा दिवसही लिही. नाहीतर मी गेले की दुसरी कुणीतरी लोंढे हेच करत बसेल."

संध्याकाळी केतकी जुईच्या डोक्याला तेल लावत होती. जुई मान हलवत शाळेतली भांडणं सांगत होती आणि दर दोन वाक्यांनी "ओढू नकोस ना" म्हणत होती. ती खेळायला खाली पळाल्यावर केतकीनं अजिंक्यला सगळं सांगितलं. तो तंत्रनिकेतनात शिकवायचा, आकड्यांचा माणूस. त्यानं आधी विचारलं, "पाकिटावर नाव आहे का?"

"नाही."

"मग दुसरं बाळ शोध की. त्या महिन्यात आणखी असतील. त्यांच्या केसानं फणी बरोबर ठरेल, अयानचं काम होईल. जुईचे केस डबीत परत ठेव."

"दुसऱ्या बाळाच्या केसानं एवढंच कळेल की सहा डोस अयानला मिळाले नाहीत. पाटणे विचारतील, मग बाटल्या कुठं गेल्या? कुणीतरी विकल्या असतील म्हणतील, त्या वेळच्या एखाद्या गरीब वॉर्डबॉयच्या माथी मारतील. चौकशी वर्षभर चालेल. अयानचा वाढदिवस एकोणीस दिवसांवर आहे." तिनं तेलाचा हात पदराला पुसला. "ते सहा दिवस दुसरीकडं कुठं नाहीत, अजिंक्य. आपल्याच घरात आहेत."

"उद्या शाळेत कुणी तिला म्हणालं, तू दुसऱ्याचं औषध खाल्लंस, तर?"

"तर रडत घरी येईल. मी असेन घरी."

तो खिडकीशी गेला. खाली जुई कुणाला तरी राज्य देत होती आणि स्वतः मात्र घेत नव्हती. "मी तुला नको म्हणत नाही," तो शेवटी म्हणाला. "मला भीती वाटते, एवढंच."

"मला पण."

अहवालाच्या छापील फॉर्मवर तीन चौकटी असतात. गैरव्यवहार, अपव्यय, गैरवापर. त्यांतल्या एकीवर खूण करायची. केतकीनं शेकडो फॉर्म भरले होते, पण त्या दिवशी पेन तीनही चौकटींवरून फिरलं आणि थांबलं. सहा खोट्या सह्या होत्या. मिळालेल्या मायेचं काय लिहायचं, त्याला चौकट नव्हती. तिनं गैरव्यवहारावर खूण केली. सिस्टरांचं नाव लिहिलं. मग 'लाभार्थी' या रकान्यात, जिथं ती सहसा डॉक्टरांची किंवा पुरवठादारांची नावं लिहायची, तिथं लिहिलं, 'जुई अजिंक्य मगदूम, वय वर्षे सहा अपूर्ण. प्रस्तुत अधिकाऱ्याची मुलगी.' आणि 'कारण' या दोन ओळींच्या रकान्याला चार पानं जोडली. गेल्या सहा वर्षांत वॉर्डात मंजुरीसाठी औषध अडलेलं प्रत्येक बाळ, त्याला औषध लिहिलं ती तारीख, मंजुरी आली ती तारीख. मधल्या दिवसांत काय झालं तेही. एकेचाळीस बाळं मंजुरीच्या आधीच गेली होती, त्यांच्या पुढं आणखी काही लिहायचं उरलं नव्हतं.

डॉ. पाटणे यांनी पहिलं पान वाचून दार लावून घेतलं.

"मॅडम, तुम्ही माझं एक ऐका. तुमच्या नमुन्यावर नाव नाही. कुणी विचारणारही नाही. दीड महिन्यात सिस्टर निवृत्त होतायत. तेवढं थांबा, मग आपण सगळं शांतपणे बघू."

"दीड महिन्यात अयान सहा वर्षांचा होऊन जाईल, सर."

"त्याला आपण ट्रस्टमधून काहीतरी मदत करू."

"कधी?"

ते पानं उलटत शेवटच्या चारांवर आले. तिथं त्यांचं बोट थांबलं. "हे एकेचाळीस तुम्ही कुठून काढले?"

"आपल्याच नोंदींतून. प्रत्येक कागद वेगळा ठेवलाय म्हणून कुणाला दिसत नाहीत."

"हे योजनेच्या कार्यालयात गेलं तर तेही आपल्यावर तुटून पडतील, तुम्हाला कल्पना आहे? मंजुरी त्यांची उशिरा येते, पण औषध थांबवून ठेवलं आपण." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि तुमच्या मुलीचं नाव आहे, म्हणजे तुम्हाला या खुर्चीत ठेवता येणार नाही. नियमच आहे."

"नियम मला माहितेय सर. मीच टाईप केलाय तो." तिनं दुसरी प्रत पुढं सरकवली. "काढा मला. आधी यावर पोच द्या."

पाटणे वाईट माणूस नव्हते. फार वर्षं खुर्चीत बसल्यानं त्यांना प्रत्येक गोष्ट उद्यावर ढकलायची सवय लागली होती. त्यांनी शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर दोनदा दाबला, आणि पोच दिली.

शबनमला मात्र कागदानं कळवणं केतकीला पटलं नाही. दुपारच्या सुट्टीत ती सायझिंगच्या फाटकाशी गेली. आत यंत्रांचा आवाज थांबला होता, बाया भिंतीच्या सावलीत डबे सोडून बसल्या होत्या. शबनम उठून बाजूला आली. केतकीनं न अडखळता सगळं सांगितलं, सिस्टरांचं, केसांचं, आणि शेवटी जुईचं.

शबनमनं भिंतीला पाठ टेकली. मग म्हणाली, "तुमची पोरगी कुठल्या पेटीत होती?"

"तिसऱ्या. तुमच्या शेजारच्या."

"ती लई रडायची." शबनमच्या कपाळावर सुताची बारीक पूड बसली होती. "तिच्या रडण्यानं माझा दचकून जागा व्हायचा. तवा ऐकू यायचं त्याला. मी मनात म्हणायची, गप बसव गं बाई तुझ्या पोरीला."

तिनं मनगटानं कपाळ पुसलं.

"मी माफ केलं असं म्हणणार नाही मी," शबनम म्हणाली. "सिस्टरला पण नाही. त्यांनी दिलेली कापडं घालून पोरगं ईदगाहला गेलंय माझं."

"मी माफी मागायला आले नव्हते."

"मग कशाला आलाय?"

"अर्ज पुन्हा भरायला. पोच आलीय. तुमची सही पाहिजे, आजच."

शबनमनं तिच्याकडं नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. मग कडक झालेली बोटं ओढणीला पुसून पेन घेतलं.

वाढदिवसाच्या चार दिवस आधी मंजुरी आली. लोंढे सिस्टरांची परिचारिकेची नोंदणी दोन वर्षांसाठी थांबवली गेली. निरोप समारंभ झाला नाही. त्यांनी चौकशीत काहीच नाकारलं नाही, उलट तारखा चुकल्या तिथं दुरुस्त करून दिल्या. केतकीला फणीवरून काढून जुन्या नोंदींच्या खोलीत बसवलं. तिथं बसून ती दर आठवड्याला योजनेच्या कार्यालयाला एक पत्र पाठवत राहिली, त्या एकेचाळीस नावांसकट. नवव्या पत्रानंतर परिपत्रक निघालं. नवजात बाळाला लिहिलेलं औषध त्याच तासाला द्यायचं, मंजुरी मागाहून घ्यायची, आणि प्रत्येक डोसचा पडताळा बाळाच्या केसातून. वॉर्डातल्या मावश्यांनी परिपत्रक औषधाच्या खिडकीवर चिकटपट्टीनं लावलं, तिथल्या माणसाच्या अगदी नाकासमोर.

नोव्हेंबरात अयानचं मशिन सुरू करायचा दिवस आला. ऑपरेशननंतर कान आतून बरा व्हायला महिनाभर थांबतात, मग एका सकाळी बाहेरचं बटण दाबून पहिला आवाज सोडतात. शबनमनं आदल्या दिवशी फोन केला होता. बोलणं दोनच वाक्यांचं. "उद्या दहाला आहे. पोरीला घेऊन या, बघायचं असलं तर."

रिक्षात केतकीनं जुईला सांगितलं. किती दिवस ती शब्द जुळवत होती, आणि प्रत्यक्षात ते अगदी साधे निघाले. तू लहान होतीस, फार आजारी होतीस. औषध अयानचं होतं. मावशीनं ते तुला दिलं. तुला बरं वाटलं, त्याचे कान गेले. जुईनं शांतपणे ऐकलं, एकदाच विचारलं, "सगळं दिलं?" आणि "नाही, सहा दिवसांचं" हे उत्तर ऐकून सहा बोटं काढून बघितली.

श्रवण विभागाची खोली छोटी होती, भिंतींना मऊ आवरण, आतला आवाज आतच. अयान आईच्या मांडीवर बसला होता, कानामागं नवी निळी चकती. जुई दाराशी उभी राहिली. तिनं खिशातून लिमलेटची एक गोळी काढून त्याच्यापुढं धरली. त्यानं घेतली, पण खाल्ली नाही, मुठीत ठेवली. तपासणाऱ्या बाईंनी संगणकावर एक कळ दाबली आणि सगळ्यांना गप्प राहायची खूण केली.

सगळे गप्प राहिले. शबनमचा हात मुलाच्या पोटावर घट्ट होता. अयानच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. बाईंनी आवाज थोडा वाढवला. पुन्हा थोडा. केतकी त्या निळ्या चकतीकडं बघत होती.

जुईला गप्प राहणं कधीच जमलं नव्हतं. रिक्षापासून तिच्या डोक्यात काहीतरी घोळत होतं. तिनं आईचा पदर ओढला आणि आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं,

"आई, मावशीच्या जागी तू असतीस, तर औषध कुणाला दिलं असतंस?"

अयानची मान झटकन वळली. त्यानं आधी जुईच्या तोंडाकडं पाहिलं, आवाज जिथून आला होता तिथं. मग, जुई बघत होती म्हणून, तोही केतकीकडं बघू लागला.